डासकाकांचा शेरा

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलंत, की जुई सारखं ज्यांचं नाव घेते ते डासकाका कोण, आणि चांगल्या माणसाला कुणी डास कसं म्हणेल. तुमचा बाबा मागून म्हणाला, "आई, थोडक्यात सांग." थोडक्यात सांगायचं तर ते रक्त काढायचे. पण एवढ्यावर आटोपलं तर त्या माणसावर अन्याय होईल, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही सराव होईल.

डासकाका म्हणजे एक पॅथॉलॉजिस्ट. मंडईच्या मागे, भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांची लॅब होती. खालून मेथी-कोथिंबिरीचा वास यायचा आणि वरून स्पिरिटचा. जिन्याच्या मध्यावर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. अजूनही मेथी निवडायला बसले की मला दंडाला रबर बांधल्यासारखं वाटतं.

नाव जुईने ठेवलं. तुमच्या आत्याची जुई तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि मनातलं तोंडात यायला तिला फारसा वेळ लागत नसे. सुई टोचली जात असतानाच ती मला म्हणाली, "आजी, हे डासकाका आहेत." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टरांनी शांतपणे नळी भरली, कापूस दाबला आणि म्हणाले, "नर डास चावत न्हाय. रक्त पितीय ती मादी. तवा एकतर डासकाकू म्हण, न्हायतर अभ्यास करून ये." पुढच्या वेळी ती अभ्यास करून गेली. काकू बरं दिसत नाही म्हणून काकाच राहू द्या, असं दोघांमध्ये ठरलं. त्यानंतर ते आमच्या घरी फोन करताना स्वतःच सांगायचे, "डास बोलतोय."

ते मूळचे लोणी काळभोरचे. घरी ऊस, थोरले भाऊ शेती बघायचे, आणि हे एमडी होऊन पुण्यात आले ते बोली तशीच घेऊन आले. रिपोर्ट इंग्रजीत, शेरा शुद्ध मराठीत आणि तोंडात लोणी काळभोर, असा त्यांचा कारभार होता. मी त्यांना 'आपण' म्हणे. ते मला 'बाई' म्हणत. मी कधी शाळेत शिकवलं नाही, कॉलेजच्या कचेरीत बत्तीस वर्षं फायली सांभाळल्या, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, मग तर बाईच.

आता शेरा म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या तिकडच्या प्रगतिपुस्तकात तो नसतो. आमच्या वेळी गुणांच्या खाली एक ओळ असायची, तिथे वर्गशिक्षक लिहायचे, 'हुशार आहे पण बडबड करतो.' (हा तुमच्या बाबाचा आहे. मूळ प्रत माझ्याकडे आहे.) डासकाका रक्ताच्या रिपोर्टवर असा शेरा लिहायचे. वर छापील आकडे, आणि खाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात एक-दोन ओळी. एका निवृत्त न्यायाधीशांच्या साखरेच्या रिपोर्टवर त्यांनी लिहिलं होतं, 'उपाशीपोटी येण्यास सांगितले होते. साहेब शिरा खाऊन आले.' एका लहान मुलाच्या रिपोर्टवर होतं, 'रक्त उत्तम. मुलगा घाबरत नाही. आईची तपासणी करावी.' हे मला कसं माहीत, तर रिपोर्ट घ्यायला आलेले लोक आपापले शेरे जिन्यात मोठ्याने वाचून भांडायला परत वर जात असत.

जुईला पाहणारे पोटाचे डॉक्टर, म्हणजे लहान मुलांच्या आतड्यांचे स्पेशालिस्ट, या शेऱ्यांवर फार चिडत. लॅबने आकडे द्यावेत, मत देऊ नये, असं त्यांनी फोन करून कळवलं. पुढच्या रिपोर्टवर शेरा आला, 'मत नाही.' त्याच्या पुढच्या रिपोर्टवर आला, 'मत आहे. विचारल्यास सांगेन.' मग त्यांनी फोन करायचा नाद सोडला.

जुईला काय होतं ते तुम्हाला कधी नीट कुणी सांगितलं नाही. तिला क्रोन्स नावाचा आजार आहे. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, पोट दुखतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. तो कुणाच्या लाडामुळे किंवा बाहेरच्या खाण्यामुळे होत नाही. हे वाक्य मी खास तिच्या दुसऱ्या आजीसाठी लिहिते आहे, पण त्या हे वाचणार नाहीत. औषधांनी आजार दबून राहतो. पण दबला आहे की आत धुमसतो आहे, हे बाहेरून कळत नाही, म्हणून दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे, सीआरपी आणि ईएसआर. शरीरात कुठे सूज असेल तर दोन्ही वाढतात.

माझ्यासारख्या बाईला हे दोन आकडे समजावताना डासकाका म्हणाले होते, "सीआरपी म्हंजी वाड्यावरचा कुत्रा. पान हललं की भुकतोय आणि लगेच गप पन बसतोय. ईएसआर म्हंजी तलाठी. येतोय उशिरा, आन काम संपलं तरी उठत न्हाय." पुढे मला कुठल्याही पुस्तकात याहून बरं वर्णन सापडलं नाही, आणि मी बरीच पुस्तकं पाहिली.

ईएसआर ते अजून जुन्या पद्धतीने करायचे. काचेच्या लांब नळीत रक्त भरून ती सरळ उभी करायची आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचं. नळी जराशी कलली तरी आकडा खोटा येतो, म्हणून त्या टेबलाला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. पहाऱ्याला जुईला बसवायचे. ती तासभर स्वतःच्या रक्ताकडे टक लावून बसायची, आणि कुणी जोरात चाललं तरी बोट ओठांवर ठेवायची. एकदा खुद्द डासकाकाच शिंकले, तर तिने त्यांना बाहेर घालवलं. ते गेले.

आणखी एक उद्योग त्यांचा होता, जो पॅथॉलॉजीत कुठेच बसत नाही. आतल्या दाराच्या चौकटीला उभं करून ते प्रत्येक मुलाची उंची पेन्सिलीने मांडत. नाव, महिना, रेघ. चौकट खालून वर मुलांनी भरली होती. मी विचारलं, याचा रक्ताशी काय संबंध. ते म्हणाले, "उसाला पानी लागतंय का न्हाय ते मोटारीच्या मीटरवर बघत न्हाईत. ऊस बघत्यात."

मी मात्र मीटरवाली. तुमची आत्या आणि तिचा नवरा दोघंही सकाळी खराडीला नोकरीवर जायचे ते दिवेलागणीला यायचे. ते राहायचे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, पण दिवसभर जुई माझ्याकडे, आणि तिची फाईलही माझ्याकडे. आलेखाचा कागद, सीआरपी लाल पेन्सिलीने, ईएसआर निळ्या. शिवाय तिच्या खोलीत एक तक्ता लावला होता, तो रोज झोपण्याआधी तिने स्वतः भरायचा. जेवण, पोटदुखी, ताप. शेवटचा रकाना होता 'एस'. एस म्हणजे स्टूल. नॉर्मल असेल तर इंग्रजी एन लिहायचं, नसेल तर किती वेळा तो आकडा. 'शी' हा शब्द मी माझ्या फाईलमध्ये लिहिणं शक्यच नव्हतं. लॅबमध्येही मी चारचौघांत हळूच विचारायची, जुईच्या स्टूलचं काही तपासायला हवं का. त्यावर डासकाका अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, स्टूल बसायला असतंय. शी म्हना. काय बिगडत न्हाय."

ती अकरा वर्षांची असताना, एप्रिलमध्ये, नेहमीची तपासणी झाली. दोन्ही आकडे सुरेख. लाल रेघ जमिनीलगत, निळी तिच्या जरा वर. वर्षभरातला सर्वात देखणा आलेख होता तो. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते. तेवढ्यात डासकाकांनी जुईला चौकटीशी उभं केलं, पेन्सिल ठेवली, आणि ती उचललीच नाही. दिवाळीत काढलेल्या रेघेवरच पेन्सिल टेकली होती.

त्यांनी तिला काही विचारलं नाही. रिपोर्टवर लिहिलं, 'दोन्ही आकडे चांगले. उंची सहा महिने जागच्या जागी. काही मुलांचे रक्त आजार असूनही गप्प बसते. मुलगी काहीतरी लपवते आहे. शीची तपासणी करावी.'

मला राग आला. जुई खाली भांड्यांच्या दुकानात स्वतःचं तोंड पातेल्यात बघत होती, तेवढ्यात मी त्यांना सुनावलं, की आमच्या घराण्यात कुणी उंच नाही, आणि माझी नात खोटं बोलत नाही. रोजचा तक्ता माझ्यासमोर असतो, जानेवारीपासून एका ओळीत एन आहेत.

"तुमच्या घराण्यानं बुटकं असायला माजी हरकत न्हाय," ते म्हणाले. "पन बुटकीसुद्धा वाढत्यात, बाई."

घरी आल्यावर मी जे केलं ते तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं. मी पट्टी ठेवली आणि ब्लेडने रिपोर्टचा खालचा भाग, शेऱ्यासकट, कापून टाकला. सरळ, स्वच्छ. तुमच्या आत्याला उगाच घोर नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की माझ्या फाईलमध्ये माझ्या तक्त्याला खोटं म्हणणारा कागद मला नको होता.

आठ दिवसांनी स्पेशालिस्टकडे गेलो. मी, तुमची आत्या आणि जुई. डॉक्टरांनी आकडे पाहिले, मान डोलावली, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग फाईलमधला आधीचा रिपोर्ट काढून त्यावर ठेवला. नवा कागद इंचभर आखूड होता. म्हणाले, "आजी, शेरा कुठे गेला?" ज्या माणसाने दोन वर्षं त्या शेऱ्यांना शिव्या घातल्या, त्याला तो नाही म्हणून चुकल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत त्यांनी लॅबला फोन लावला, आणि तो स्पीकरवर होता. डासकाकांनी आपल्या प्रतीवरून शेरा वाचून दाखवला. शुद्ध मराठीत, एकेक शब्द. 'मुलगी काहीतरी लपवते आहे' इथे जुईने माझा हात सोडला.

तुमच्या आत्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती गप्प बसून जास्त बोलते.

मग आली ती तपासणी. तिचं नाव कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज असेल तर हे द्रव्य थेट शीमध्ये उतरतं, रक्ताने गप्प बसायचं ठरवलं तरी. त्यासाठी डासकाकांनी एक छोटी डबी दिली. ती मला फारच तकलादू वाटली, म्हणून मी ती एका रिकाम्या आम्रखंडाच्या डब्यात बसवली. डब्यावर इंग्रजीत नाव, तारीख, वेळ लिहून चिकटवलं, पण झाकण ओलसर असल्याने चिठ्ठी तळाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं, म्हणून डबा आत्याच्या फ्रिजमध्ये. रविवार होता. दुपारी माझे जावई, म्हणजे तुमचे काका, पुरी हातात घेऊन फ्रिजपाशी गेले. पुढचं लिहीत नाही. तुम्ही जेवताना वाचत असाल. एवढंच सांगते, की त्या घरात आजतागायत आम्रखंड आलेलं नाही.

लॅबमध्ये डबा उघडून डासकाका म्हणाले, "परसाद आनलाय जनू."

आकडा आला तो भरमसाट. आतमध्ये आग लागलेली होती आणि रक्त शहाण्यासारखं हाताची घडी घालून बसलं होतं. पुढच्या तपासण्यांतही तेच निघालं. आत्याने जुईला समोर बसवून विचारलं, की असं होतं तर रोज एन कसं लिहिलंस. जुई म्हणाली, मी खोटं लिहिलं नाही. एन म्हणजे 'नाही सांगणार'. तुमचे काका नको तिथे हसले आणि त्यांना गॅलरीत जावं लागलं. मी तक्त्याकडे पाहत राहिले. चार महिने रोज रात्री पोरीने मला लेखी कळवलं होतं.

ती का लपवत होती, ते सगळ्यांना माहीत होतं. या आजारात मुलांना कधीकधी आठ आठवडे फक्त पावडरचं दूध देतात. ना पोळी, ना भात, ना बिस्किट. फक्त ते दूध, दिवसातून सहा-सात वेळा. त्याने आतड्याला विश्रांती मिळते आणि सूज उतरते. पहिल्यांदा आजार कळला तेव्हा तिने ते केलं होतं, आणि मध्ये दिवाळी आली होती. तुम्ही आला होतात त्या वर्षी. तिच्यासमोर चकल्या खाऊ नका असं मी तुम्हाला बजावलं होतं आणि तुम्ही गच्चीवर जाऊन खाल्ल्यात, ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. आता पुन्हा ते दूध, आणि मे महिना तोंडावर. मंडईत आंब्याच्या पेट्या लागल्या होत्या.

दूध सुरू झालं. जुईने पिण्याचा वाद घातला नाही. बोलणंच बंद केलं. माझ्याशी नाही, आईशी नाही. अडचण अशी होती, की स्पेशालिस्टना एक गोष्ट तिच्याकडूनच हवी होती: त्रास नेमका कधीपासून. थोड्या दिवसांचा असेल तर औषधाचा डोस वाढवून भागलं असतं. महिनोन्महिने असेल तर ते औषध चालतच नाही असं समजून दुसरं सुरू करायचं. चुकीचं ठरलं तर हे आठ आठवडे फुकट, आणि तिची वाढायची वर्षंही हातातून जाणार. विचारलं की ती नुसती मान हलवायची, म्हणजे आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईने विचारलं, मी तर विचारायच्या लायकीची उरले नव्हते.

पुढचं आधी सांगून टाकते. औषध बदललं, ते लागू पडलं, आणि आता जुई माझ्या डोक्यावरून पलीकडे बघते. डासकाकांनी दोन वर्षांपूर्वी लॅब बंद केली आणि ते लोणी काळभोरला भावाकडे राहायला गेले. आता आमचे रिपोर्ट फोनवर येतात, सुबक रंगीत. पण हे सगळं नंतरचं. मला तुम्हाला सांगायचं आहे ते दुधाच्या चौथ्या दिवसाचं.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला दारावर ते उभे. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी. जिने चढून धाप लागली होती. मी चहा विचारला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पोरगी पितीय ते द्या."

जुई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. मी मोजून पावडर घातली, पाणी घातलं, ढवळलं, ग्लास दिला. ते तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"चुगली केली म्या," ते म्हणाले. "परत येळ आली तर परत करीन. माफी मागाया आलो न्हाय."

त्यांनी ग्लास तोंडाला लावला. चार दिवसांत पहिल्यांदा ती बोलली. म्हणाली, "नाक दाबायचं नाही."

त्यांनी नाकावरचा हात काढला. एक घोट, दोन घोट. सत्तावीस वर्षं लोकांच्या नको नको त्या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला माणूस तो. पण अर्ध्या ग्लासाशी त्याचा चेहरा असा झाला, की मी बाथरूमचं दार उघडून ठेवलं. त्यांनी डोळे मिटून उरलेलं संपवलं.

"ही तू रोज पितीस," ते म्हणाले.

"सहा."

"बापरे." ते खरोखरचं होतं. मोठी माणसं मुलांसमोर बोलतात तसलं नव्हतं. जुई त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या मिशीला दूध लागलं होतं. तिने ते सांगितलं नाही.

"मला आठवतंय," ती हळूच म्हणाली. "संक्रांतीपासून. संक्रांतीला तिळाची पोळी खाल्ली, त्याच रात्रीपासून. रोज दोनदा उठायला लागायचं. परीक्षेच्या आठवड्यात तीनदा. रक्त पण होतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातला चमचा खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. डासकाकांनी खिशातलं पेन काढलं नाही, कागद मागितला नाही. ते जमिनीला हात टेकून उठायला लागले.

"हे मी त्यांना सांगनार, बरं का," ते म्हणाले.

"डॉक्टरांना तुम्ही सांगा," जुई म्हणाली. "आईला मी सांगते. ती साडेसातला येते."